भोंगा वाजला तेव्हा

इ. स. १९१८ च्या नोव्हेंबर महिन्याची २१ तारीख. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील सॅन फ्रॅन्सिस्को शहरात दुपारचे बारा वाजले आणि अगोदर ठरल्याप्रमाणे गावभर भोंगे वाजू लागले. त्याबरोबर रस्तोरस्ती उभ्या असलेल्या स्त्रीपुरुषांनी तोंडावरील फडक्याच्या पट्ट्या ओढून काढल्या व चक्क रस्त्यावर फेकून दिल्या. पदपथ आणि गटारे त्या चिंध्यांनी भरून गेली. चार आठवडे ज्या पट्टीवाचून घराबाहेर पाऊल टाकणे हा गुन्हा होता, तिचे राज्य एका क्षणात संपले. शहराच्या कारभाऱ्यांनी लोकांस कळविले होते की संकट टळले. आणि लोकांनी, मोठ्या आनंदाने, त्यांचा शब्द खरा मानला.

ही साथ म्हणजे महाराष्ट्रात जिला ‘मानमोडी’ म्हणत तीच. वडीलधाऱ्यांच्या तोंडून हा शब्द पुष्कळ श्रोत्यांनी ऐकला असेल. मुंबईत ती जून १९१८ मध्ये उतरली. सॅन फ्रॅन्सिस्कोला सप्टेंबरअखेर पोहोचली. तेव्हा या शहराची वस्ती सुमारे पाच लक्षांची होती. आरोग्याधिकारी डॉक्टर विल्यम हॅसलर हे कामसू व आत्मविश्वासाचे गृहस्थ, आणि नगराध्यक्ष जेम्स रॉल्फ हे लोकप्रिय. रुग्णांची संख्या भराभर वाढू लागताच १८ ऑक्टोबरपासून शाळा, नाटकगृहे, नृत्यगृहे बंद झाली. पुढे नगरसभेने कायदाच केला की २५ ऑक्टोबरपासून सार्वजनिक ठिकाणी प्रत्येकाने तोंडावर व नाकावर पट्टी बांधलीच पाहिजे.

पट्टीविषयी जी जाहिरात वर्तमानपत्रांत निघाली, तिच्यात आरोग्य मंडळ व नगराध्यक्ष यांच्या नावाने असे सांगितले होते की ही पट्टी शंभरात नव्याण्णव हिश्शांनी रोगापासून रक्षण करते. हा आकडा ध्यानात ठेवण्यासारखा आहे. तो कोठून आला याचा शोध घेण्याचे तेव्हा कोणास सुचले नाही. ज्या जंतूमुळे हा ज्वर होतो असे त्या वेळी डॉक्टर समजत होते, तो जंतूच मुळी त्याचे कारण नव्हता; माणसाच्या इन्फ्लुएन्झाचा खरा विषाणू हाती लागावयास १९३३ साल उजाडावे लागले. असे असता नव्याण्णवचा हिशेब मांडणारा कारकून कोणी का असेना, धीट खराच!

तथापि लोकांनी हुकूम पाळला. २७ ऑक्टोबर या एका दिवशी पट्टी नसलेल्या किंवा ती हनुवटीवर लोंबत ठेवलेल्या ११० जणांस पोलिसांनी धरले आणि त्यांतील बहुतेकांकडून पाच-पाच डॉलर दंड वसूल झाला. एका प्रसंगी तर पट्टी बांधण्यावरून हातघाई होऊन आरोग्य खात्याच्या माणसाने पिस्तूल झाडले व लोक जखमी झाले. ११ नोव्हेंबरला महायुद्ध थांबल्याची वार्ता आली तेव्हा सारे शहर रस्त्यावर लोटले, नाचले, गायले. पण तोंडाला पट्ट्या बांधूनच. यापुढे कोणत्या नगरपालिकेने आपल्या नागरिकांकडून अधिक काय अपेक्षावे?

मात्र याच सुमारास एका मुष्टियुद्धाच्या सामन्याचे छायाचित्र निघाले. त्यात पुढच्या रांगांत एक न्यायाधीश, एक लोकप्रतिनिधी, खुद्द नगराध्यक्ष रॉल्फ आणि पट्टीचे आद्य पुरस्कर्ते डॉक्टर हॅसलर हे सर्व उघड्या तोंडाने सामना पाहण्यात रंगलेले दिसले. हॅसलरांनी पाच डॉलर व रॉल्फ यांनी पन्नास डॉलर दंड भरला. दंड भरला हे त्यांस शोभले. पण गावाने जे पाहावयाचे ते पाहिले होते.

नवे रुग्ण कमी होत होते आणि त्याचे श्रेय पट्टीस देण्यात आले. नाटकगृहे उघडली, मग २१ तारखेचा तो भोंगा झाला, आणि २५ नोव्हेंबरला शाळाही भरल्या. कारभाऱ्यांनी निर्बंध उठविले यात चूक काढता येत नाही. निर्बंध कधीतरी उठवावयाचेच असतात. चूक असलीच तर ती भोंग्यात होती. हुकूम मागे घेणे ही नगरसभेच्या सत्तेतील गोष्ट. रोग मागे घेणे तिच्या सत्तेतील नव्हे. परंतु त्या दुपारी दोन्ही गोष्टी एकाच सुरात सांगितल्या गेल्या, आणि ऐकणाऱ्यांस त्यांतील भेद कळण्याचे कारण राहिले नाही.

डिसेंबर लागतो न लागतो तोच रुग्ण पुन्हा वाढले. ७ डिसेंबरला रॉल्फ यांनी लोकांस स्वेच्छेने पट्टी बांधण्याची विनंती केली. शेकडा फारच थोड्यांनी ती मानली. हॅसलरांनी पुन्हा कायद्याची मागणी केली तेव्हा विरोधास नाना तऱ्हेचे लोक एकत्र आले. नाताळचे गिऱ्हाईक बुडेल म्हणून दुकानदार, औषधोपचारच न मानणारा एक धर्मपंथ, आणि नागरिकाच्या तोंडावर काय असावे हे सरकारने ठरवू नये म्हणणारे स्वातंत्र्यवादी. १९ डिसेंबरला नगरसभेने तो ठराव फेटाळला. ऑक्टोबरात जे फडके देशभक्तीची खूण होते, तेच दोन महिन्यांत जुलमाचे चिन्ह झाले होते. लोक तेच, रोग तोच. मधल्या काळात खर्च झाला होता तो विश्वास.

१० जानेवारी १९१९ रोजी एका दिवसात सुमारे ६०० नवे रुग्ण नोंदले गेले, तेव्हा नगरसभेचे डोळे उघडले व १७ जानेवारीपासून पट्टी पुन्हा सक्तीची झाली. आता विरोधकांनी रीतसर संघ काढला. त्याचे नावच ‘पट्टीविरोधी संघ’. त्याच्या अध्यक्षस्थानी एक वकील स्त्री होती. २५ जानेवारीला भरलेल्या त्याच्या सभेस सुमारे दोन हजार माणसे जमली. कायदा रद्द करण्यासाठी अर्ज करावा असे काहींचे म्हणणे पडले. काहींस हॅसलरांची खुर्चीच हवी होती. रुग्णसंख्या उतरत होतीच. आरोग्य मंडळाच्या शिफारशीवरून १ फेब्रुवारी १९१९ रोजी हुकूम मागे घेण्यात आला. त्या एका हिवाळ्यात शहरात सुमारे ४५,००० लोक आजारी पडले व ३,००० हून अधिक मेले.

पट्टीचा खरा उपयोग किती झाला? कॅलिफोर्निया राज्याच्या आरोग्य मंडळाचे डॉक्टर केलॉग यांनी पुढे याचा छडा लावण्याचा प्रयत्न केला. पट्टी बांधणारी व न बांधणारी गावे त्यांनी ताडून पाहिली, फडक्याच्या घड्यांवर प्रयोगही केले, आणि त्या सक्तीचा साथीवर परिणाम दिसत नाही असा निष्कर्ष काढला. विरळ विणीचे फडके, तेही ढिले बांधलेले, आणि घरी गेल्यावर काढून ठेवलेले. त्याने किती अडवावे? तेव्हा नव्याण्णवचा आकडा तर गेलाच. पण त्यावरून हॅसलरांस ढोंगी ठरविणे अन्यायाचे होईल. हाती होते ते साधन त्यांनी वापरले. त्याच्याविषयी जरा कमी बोलले असते तर जानेवारीत त्यांचे अधिक ऐकले गेले असते.

एक शतकानंतर याच शहरावर पुन्हा तशीच वेळ आली. २५ फेब्रुवारी २०२० रोजी, शहरात कोरोनाचा एकही रुग्ण निश्चित झालेला नसताना, नगराध्यक्षा लंडन ब्रीड यांनी आणीबाणी जाहीर केली. तिच्या आधारे खर्चाचे व नेमणुकांचे नेहमीचे सोपस्कार बाजूस ठेवता आले, बेघरांस हॉटेलांच्या खोल्यांत ठेवता आले. सार्वजनिक आरोग्याची आणीबाणी २८ फेब्रुवारी २०२३ रोजी संपली, आणि तिची तारीख बरीच अगोदर कळविलेली होती. रोग गेला असे या वेळी कोणी म्हटले नाही. रुग्णालयांतील सेवकांना मुखपट्टीची आज्ञा त्यानंतरही काही काळ होतीच. बहुतेक नागरिकांनी ती कधीच काढून खिशात घातली होती, आणि त्या मंगळवारी भोंगा वाजला नाही.

रॉल्फ यांचे मात्र मतदारांनी काही वाईट केले नाही. ते १९३१ पर्यंत नगराध्यक्ष राहिले व मग कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर झाले. आणि हॅसलरांचे नाव शहराने पुढे आपल्या एका क्षयरोग्यांच्या आरोग्यधामास दिले.