कामाचा वकील, बोलण्याचा वकील

मोठ्या कंपन्यांच्या कायदा विभागात खटल्यांची नोंद ठेवायला एक सॉफ्टवेअर असतं. त्याला ‘मॅटर मॅनेजमेंट’ म्हणतात. नवा दावा आला की त्यात एक ‘मॅटर’ उघडायचं, त्याला बाहेरची लॉ फर्म जोडायची आणि फर्मच्या नावापुढच्या चौकोनात तिची भूमिका निवडायची: लीड काउन्सिल, लोकल काउन्सिल, स्पेशल काउन्सिल, इतर. कोणाला कोणते कागद दिसणार, बिल कोण पाठवणार, तारखेची आठवण कोणाच्या इनबॉक्समध्ये जाणार, हे सगळं त्या एका शब्दावरून ठरतं. मी मुंबईत अशाच एका विभागात काम करते. या चौकोनावरून जेवढे वाद ऐकले, तेवढे दाव्यांच्या गुणदोषांवरून ऐकले नाहीत.

वाद होतात ते आमची माणसं भांडकुदळ आहेत म्हणून नव्हे. ती यादी एका इतिहासातून आली आहे आणि आमची न्यायालयं दुसऱ्याच इतिहासातून.

यादीचं मूळ अमेरिकेत आहे. १९९० च्या दशकात तिथल्या कंपन्या वकिलांच्या बिलांनी हैराण झाल्या होत्या. ड्यूपॉन्ट या रसायन कंपनीने १९९२ मध्ये बाहेरच्या फर्मची छाटणी सुरू केली आणि साडेतीनशेच्या आसपास असलेला आकडा चाळिसाच्या आत आणला. मग वकिलाच्या कामाला सांकेतिक क्रमांक आले आणि १९९८ मध्ये ‘लेडेस’ नावाचा इलेक्ट्रॉनिक बिलाचा एकसारखा नमुना आला. त्यात प्रत्येक ओळीवर काम करणाऱ्याची पायरी लिहायची असते: पार्टनर, असोसिएट की पॅरालीगल. म्हणजे भूमिका हवी होती ती दर तपासायला. पार्टनरच्या भावाने झेरॉक्स काढल्या गेल्या नाहीत ना, हे पाहायला. हेतू चांगलाच होता. पण या सॉफ्टवेअरचा पाया बिलाचा आहे, हे विसरून चालत नाही.

आपल्याकडे वकिलाची भूमिका अधिकारातून येते. मराठीत ‘वकील’ शब्दाचा जुना अर्थच मुळी दूत असा आहे. दिल्लीत पेशव्यांचे वकील म्हणून राहिलेले हिंगणे कोर्टात उभे राहत नव्हते. ते धन्याच्या वतीने बोलत आणि बातमीपत्रं पाठवत. कोणाच्या वतीने बोलतोस आणि कोणी सांगितलं, हे दोन प्रश्न तेव्हापासून या शब्दाला चिकटलेले आहेत.

इंग्रजी अमदानीत त्यांची कायदेशीर वाटणी झाली. १८६२ मध्ये मुंबई उच्च न्यायालय सुरू झालं ते दोन अंगांनी. मुंबई बेटावरचे मोठे दावे ‘ओरिजिनल साइड’ला चालत आणि मुफसलातली अपिलं ‘अपेलेट साइड’ला. ओरिजिनल साइडला वकिलीचे दोन तुकडे होते. सॉलिसिटर (तेव्हा त्याला ॲटर्नी म्हणत) पक्षकाराला भेटायचा, कागद तयार करून दाखल करायचा, पण न्यायाधीशांपुढे युक्तिवाद करायचा नाही. ॲडव्होकेट युक्तिवाद करायचा, पण सॉलिसिटरने ब्रीफ दिल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. अपेलेट साइडला मात्र हायकोर्ट वकील दोन्ही कामं करायचा. रत्नागिरीच्या खोताचं अपील थेट वकिलाकडे जायचं, मुंबईच्या कापूस व्यापाऱ्याला मात्र दोन माणसं पोसावी लागायची. विश्वनाथ नारायण मंडलिक हे पहिल्या प्रकारचे वकील. काशिनाथ त्र्यंबक तेलंग विलायतेला न जाता इथेच परीक्षा देऊन ओरिजिनल साइडचे ॲडव्होकेट झाले. दोघेही त्याच न्यायालयात नावाजले, पण एकाचं काम दुसऱ्याला तसंच्या तसं करता आलं नसतं. (ॲडव्होकेटची फी ब्रीफवर सोन्याच्या मोहरांत लिहायची, मुंबईत एक मोहर म्हणजे पंधरा रुपये. मोहर चलनातून गेली तरी हिशेब बराच काळ मोहरांतच चालला.)

कायद्याने ही दुहेरी पद्धत १ जानेवारी १९७७ पासून संपली. १९७६ च्या दुरुस्तीने ॲटर्नी हा वेगळा वर्गच रद्द झाला, सगळे ॲडव्होकेट. पण फोर्टातल्या कचेऱ्यांत फिरून पाहा. फर्म आजही ब्रीफ तयार करते, काउन्सिल आजही उभा राहतो, आणि सॉलिसिटरची परीक्षा आजही होते. मग आमच्या चौकोनात ‘लीड’ कोण? अमेरिकन कंपनीच्या दृष्टीने फर्म, कारण बिल ती पाठवते. न्यायाधीशांच्या दृष्टीने उभा राहिलेला काउन्सिल. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत आणि चौकोन एकच आहे.

या यादीत न मावणाऱ्या माणसाचं सर्वांत चांगलं उदाहरण म्हणजे मोहनदास गांधी. १८९१ मध्ये बॅरिस्टर होऊन ते परतले आणि मुंबईत वकिली करायला बसले. स्मॉल कॉझेस कोर्टात ममीबाईचा दावा मिळाला, फी तीस रुपये. उलटतपासणीला उभे राहिले आणि प्रश्नच सुचेना. फी परत केली, काम दुसऱ्या वकिलाकडे गेलं. बोलण्याच्या भूमिकेत त्यांची सुरुवात ही अशी.

मग पोरबंदरकडून पत्र आलं. दादा अब्दुल्ला आणि कंपनीचा दक्षिण आफ्रिकेत चाळीस हजार पौंडांचा दावा चालू होता. बडे वकील-बॅरिस्टर आधीच नेमलेले होते. कंपनीला हवा होता तो त्या वकिलांना नीट समजावून सांगणारा माणूस. मोबदला एकशे पाच पौंड, राहणं-खाणं आणि पहिल्या वर्गाचं जाण्यायेण्याचं भाडं. हे बॅरिस्टर म्हणून जाणं नव्हे, पेढीचा नोकर म्हणून जाणं आहे, हे गांधींना स्वच्छ कळलं होतं, तसं त्यांनी आत्मकथेत लिहिलंही आहे. तरी १८९३ मध्ये ते गेले. प्रिटोरियात कंपनीचे ॲटर्नी बेकर यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं की बॅरिस्टर म्हणून तुम्हाला इथे काम नाही, माहिती मिळवायला तुमची मदत घेऊ.

आता त्या मॅटरची नोंद आजच्या सॉफ्टवेअरमध्ये करून पाहा. काउन्सिल लीड, बेकर लोकल, आणि गांधी? ‘इतर’. कदाचित कागद पाहण्याची परवानगीही नाही. प्रत्यक्षात त्या दाव्याचे सगळे कागद वाचलेला माणूस तोच होता. गुजराती पत्रव्यवहाराचं भाषांतर त्यांनी केलं, जमाखर्च शिकून घेतला, प्रॉमिसरी नोट म्हणजे काय ते पुस्तक आणून वाचलं. वकिलांच्या फी वाढत चाललेल्या पाहून दोन्ही नातेवाईक व्यापाऱ्यांना लवादावर आणलं तेही त्यांनीच. निवाडा दादा अब्दुल्लांच्या बाजूने झाला, सदतीस हजार पौंड आणि खर्च. एकरकमी वसुली झाली असती तर तय्यब शेट बुडाले असते, म्हणून हप्ते बांधून घेतले. माझं मत विचाराल तर त्या मॅटरमधला खरा ‘लीड’ हाच.

भूमिका माणसाला नसते, प्रकरणाला आणि तारखेला असते, ही दुसरी गोष्ट. १८९७ मध्ये टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला तेव्हा न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजींपुढे जामिनासाठी उभे राहिले दिनशा दावर, आणि जामीन मिळाला. १९०८ मध्ये टिळकांवर पुन्हा राजद्रोहाचा खटला आला. या वेळी जामीन मागायला जिना उभे राहिले आणि समोर न्यायाधीश म्हणून बसले होते तेच दावर. जामीन नाकारला गेला, पुढे सहा वर्षांची शिक्षा झाली.

हे आमच्या कामाच्या मुळाशी येतं ते वकीलपत्राच्या रूपाने. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत वकिलाच्या दोन कृती वेगळ्या मानल्या आहेत. एक ‘काम करणं’, म्हणजे अर्ज देणं, तडजोड करणं, दावा काढून घेणं. त्याला पक्षकाराच्या सहीचं वकीलपत्र लागतं. दुसरी नुसता युक्तिवाद करणं. त्याला कोणाच्या वतीने आणि कोणाच्या सांगण्यावरून उभा आहे, एवढी लेखी नोंद पुरते. सॉलिसिटर आणि ॲडव्होकेट कागदावरून गेले, पण त्यांच्यातली रेघ संहितेने जपून ठेवली. सर्वोच्च न्यायालयात ती आणखी ठळक आहे: वकीलपत्र ‘ॲडव्होकेट ऑन रेकॉर्ड’च देऊ शकतो आणि सीनिअर ॲडव्होकेट त्याच्याशिवाय उभा राहत नाही.

आणि वकीलपत्र संपतं कसं? न्यायालयाच्या परवानगीने, लेखी. नाहीतर वकील किंवा पक्षकार वारला किंवा प्रकरणच संपलं तर. तोवर त्या वकिलाला बजावलेली नोटीस पक्षकाराला मिळाली असंच धरतात. सॉफ्टवेअरमध्ये फर्म ‘निष्क्रिय’ करायला एक क्लिक लागते. मी इथे येण्याआधीचा, एका जिल्हा न्यायालयातला वसुलीचा दावा अजून आमच्याकडे उदाहरण म्हणून सांगतात. जुन्या फर्मचा करार संपला, तिला प्रणालीतून काढलं, नव्या फर्मला ‘लीड’ केलं. नव्या वकिलाचं वकीलपत्र दाखल व्हायचं राहिलं. न्यायालयाच्या लेखी जुनाच वकील होता, त्याला आता आमचे कागद दिसत नव्हते आणि बिलही पाठवता येत नव्हतं. तारखेला कोणीच गेलं नाही आणि दावा गैरहजेरीत खारीज झाला. तो पुन्हा फायलीवर यायला दीड वर्ष गेलं. आमच्या दाव्यात पैसेच होते. घराच्या ताब्याचा दावा असा गेला असता तर काय, ते सांगायला नको.

नंतर आमच्या विभागाने चौकोन बदलून घेतला. ‘लीड’ शब्द आता फक्त बिलाच्या पानावर आहे. मॅटरच्या पानावर चार वेगळे रकाने आहेत: वकीलपत्र कोणाच्या नावे, युक्तिवाद कोण करणार, त्यांना सूचना कोण देणार, आणि वकीलपत्र संपल्याची न्यायालयातली तारीख. चौथा रकाना रिकामा असेल तर फर्म निष्क्रिय होत नाही. पुरवठादाराच्या अमेरिकन तंत्रज्ञाला हे का हवं ते समजवायला तीन बैठका लागल्या. तिसऱ्या बैठकीत मी त्याला गांधी आणि बेकर यांची हकीकत सांगितली, तेव्हा त्याने विचारलं की मग गांधींना कोणत्या रकान्यात घालायचं. तिसऱ्या, असं मी सांगितलं. तो रकाना सक्तीचा करायचं त्याच दिवशी ठरलं.