दखनी बोली, डफ आणि रॅप : हैदराबादच्या श्रद्धागीतांची एक परंपरा

२०१८-१९ च्या सुमारास हैदराबादच्या रुहान अर्शद या तरुणाचे 'मियां भाई' हे रॅप गीत यूट्यूबवरून देशभर पोहोचले आणि कोट्यवधी वेळा पाहिले गेले. हैदराबादी मुसलमान तरुणाचा रुबाब, त्याची यारी-दोस्ती आणि त्याची बोली यांचे ते गीत होते. त्याला धार्मिक गीत म्हणता येणार नाही. पुढे २०२१ साली याच तरुणाने इस्लाममध्ये संगीत निषिद्ध असल्याचे कारण देऊन हे क्षेत्र सोडत असल्याचे जाहीर केले. वरवर पाहता ही एका गायकाची वैयक्तिक गोष्ट आहे. परंतु तिच्या मुळाशी असलेला प्रश्न दखनमध्ये किमान सहाशे वर्षे विचारला जात आहे. श्रद्धा आणि गाणे यांचा मेळ बसतो काय, आणि बसत असेल तर कोणत्या अटींवर?

रॅप ही परकी वस्तू आहे, असे आपल्याकडे सहज म्हटले जाते. तिचा जन्म न्यूयॉर्कच्या ब्राँक्स वस्तीतला. ११ ऑगस्ट १९७३ रोजी डीजे कूल हर्क याने तेथे केलेला समारंभ हिप-हॉपचा आरंभ मानला जातो. या कलेशी इस्लामचा संबंध मात्र नंतर जोडलेला नाही. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांत माल्कम एक्सचे नाव घरोघरी माहीत होते. १९८३ साली त्याच्या भाषणांतील वाक्ये तालावर बसवून 'नो सेल आउट' ही ध्वनिमुद्रिका निघाली. १९९९ मध्ये मॉस डेफने आपल्या ध्वनिमुद्रिकेचा प्रारंभ बिस्मिल्लाहने केला. २००० साली वॉशिंग्टनमध्ये स्थापन झालेल्या 'नेटिव्ह दीन' या तिघांच्या गटाने तर नमाज, सचोटी, व्यसनापासून दूर राहणे हेच आपल्या रॅपचे विषय केले. तंतुवाद्ये आणि सुषिरवाद्ये टाळून त्यांनी केवळ मानवी आवाज आणि तालवाद्य यांवर भर दिला. अनेक उलेमा डफाला सवलत देतात, इतर वाद्यांना देत नाहीत. ही मर्यादा मान्य करूनच त्यांनी आपली शैली घडवली.

दखनच्या अभ्यासकाला येथे ओळखीची खूण सापडते. हजरत ख्वाजा बंदानवाज गेसूदराज हे तैमूरच्या स्वारीच्या वेळी, १३९८ मध्ये, दिल्ली सोडून दक्षिणेकडे निघाले आणि गुलबर्ग्यात स्थिरावले. समाअच्या म्हणजे आध्यात्मिक गायनाच्या मजलिसींवरून चिश्ती खानकाहींना उलेमांचे आक्षेप नेहमीच ऐकावे लागले. त्यानंतर विजापूरच्या शाह मीरांजी, बुरहानुद्दीन जानम आणि अमीनुद्दीन आला यांच्या परंपरेत एक निराळाच मार्ग निघाला. फारसी बाजूला ठेवून सामान्यांच्या दखनीत लिहायचे आणि तेही कामाच्या तालावर. चक्कीनामा आणि चरखानामा या रचना अशा निर्माण झाल्या. रिचर्ड ईटन यांनी १९७० च्या दशकात या हस्तलिखितांचा बारकाईने अभ्यास केला आणि दखनमध्ये इस्लामचे संस्कार घराघरांत पोहोचण्यामागे दळणाऱ्या, सूत कातणाऱ्या स्त्रियांच्या या गाण्यांचा मोठा वाटा असल्याचे मत मांडले.

या रचनांची युक्ती साधी आहे. जात्याच्या उभ्या खुंट्यात अलिफचे रूप पाहायचे, जात्याच्या फेऱ्यांबरोबर जिक्र चालवायचा. वाद्य लागत नाही, कारण जाते स्वतःच ताल धरते. मराठी वाचकाला हे समजावून सांगण्याची गरज नाही. जात्यावरची ओवी त्याच्या घरचीच आहे. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता आणि दोन्ही बोलींची पिठे एकाच जात्यातून निघत होती, असे म्हटले तरी चालेल. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी 'योगसंग्राम' मराठीत रचला, तोही लोकांची भाषा हेच उपदेशाचे साधन मानणाऱ्या याच वृत्तीतून.

हैदराबाद शहर वसले १५९१ मध्ये. त्याचा संस्थापक मुहम्मद कुली कुतुबशाह याने नात, मर्सिये आणि ईद, शबे-बरात या सणांवरील कविता दखनीत लिहिल्या. जुन्या शहरात मुहर्रमच्या दिवसांत आजही मातमी अंजुमनांचे तरुण नौहे म्हणतात. वाद्याला तेथे जागा नाही. छातीवर पडणारा हात हाच ताल. नौहे ज्या वहीत उतरवलेले असतात ती बयाज, आणि अग्रभागी राहून म्हणणारा तो साहिबे-बयाज. लहान मुले प्रथम मागे उभी राहून केवळ धृपद उचलतात, वर्षे लोटली की पुढे येतात. दुसरा प्रवाह मर्फ्याचा. निजामाच्या फौजेतील हद्रमी अरब आणि आफ्रिकी सैनिकांनी हा ताल आणला. बारकस आणि ए. सी. गार्ड्स या वस्त्यांची नावे त्या फौजांचीच आठवण आहेत. १९४८ नंतर फौजा राहिल्या नाहीत, पण लग्नाच्या वरातीत मर्फा राहिला. हैदराबादच्या गल्लीतील मुलाला तालावर शब्द फेकण्यासाठी ब्राँक्सकडे पाहावे लागत नाही, ते यामुळे.

अडचण तालाची नव्हती, बोलीची होती. उस्मानिया विद्यापीठ १९१८ मध्ये उर्दू माध्यमातून सुरू झाले, ही अभिमानाची गोष्ट. पण तेथील उर्दू ही प्रमाण उर्दू होती. ज्या दखनीत कुली कुतुबशाहने काव्य केले ती हळूहळू अडाण्यांची बोली ठरली. सुलेमान खतीब यांच्यासारख्या कवीने तिच्यातून गरिबांची दुःखे मांडली, तरी मुशायऱ्यात श्रोते दखनी ऐकण्यापूर्वीच हसण्याच्या तयारीत असत. चित्रपटात मेहमूदने आणि पुढे 'द अंग्रेझ'ने ती विनोदाची म्हणूनच लोकप्रिय केली. वर्गात विद्यार्थी 'नक्को', 'हौ' म्हणाला की शिक्षक त्याला सुधारतात. तोच विद्यार्थी रॅप करताना तीच बोली ताठ मानेने वापरतो. चक्कीनाम्यांनंतर दखनीला आलेला हा मोठाच सन्मान आहे, आणि तो कोणत्याही अकादमीने दिलेला नाही.

तरीही चक्कीनामा आणि आजचे रॅप यांत एक अंतर आहे आणि ते वाद्यांपेक्षा महत्त्वाचे आहे. इमाम गझालींनी समाअची चर्चा करताना हजरत जुनैद यांच्या नावावरील तीन अटी दिल्या आहेत : जमान, मकान आणि इख्वान. योग्य वेळ, योग्य स्थान आणि योग्य सोबती. चक्कीनाम्यामागे खानकाह होती, नौह्यामागे अंजुमन आहे; अझीझ अहमद खान वारसी यांच्यासारख्या हैदराबादी कव्वालामागे घराणे आणि दर्गाह होती. मोबाइलवर गीत मुद्रित करणाऱ्या मुलामागे असे कोणी नसते. मुंबईत कुर्ल्याच्या नेझीने २०१४ मध्ये आपले 'आफत' हे गीत आयपॅडवर चित्रित केले, याचे कौतुक फार झाले. मात्र साधन स्वस्त झाले त्याबरोबर उस्तादही अनावश्यक वाटू लागला, याकडे कमी लक्ष गेले. या मुलाला प्रसिद्धी मिळते तेव्हा तो एकटा असतो, आणि हराम-हलालचा प्रश्न मनात उभा राहतो तेव्हाही एकटाच. मग त्याच्यासमोर दोनच वाटा दिसतात : सर्व काही गाणे किंवा सर्व काही सोडणे. डफापुरते थांबणे, विषय निवडणे, आधी मागे उभे राहून धृपद म्हणणे या मधल्या वाटा त्याच्याच शहरात शतकानुशतके रुळलेल्या आहेत. त्या त्याला कोणी दाखवलेल्या नसतात.

पंजागुट्ट्याच्या ऐवाने-उर्दूमध्ये डॉ. मोहिउद्दीन कादरी जोर यांनी उभारलेल्या इदारा-ए-अदबियाते-उर्दूचा दखनी हस्तलिखितांचा संग्रह आहे. अशा संग्रहांमुळेच पिठाच्या गिरण्या आल्यानंतर जात्याबरोबर मूक झालेले चक्कीनामे अभ्यासकांपर्यंत पोहोचू शकले. त्यांत रचनाकाराचे नाव कधीकधी सापडते. ते गाणाऱ्या स्त्रियांचे सापडत नाही. यूट्यूबवरील गीतावर गाणाऱ्याचे नाव ठळक असते, पण ज्याने ते टाकले तो एका रात्रीत ते काढूनही टाकू शकतो.