बिली मिचेल आणि आकाशाचा दावा : एक प्रस्तावना

युद्धाचा इतिहास मराठीत आवडीने वाचला जातो. लढाया, गड, आरमार आणि सेनापती यांच्यावर आपल्याकडे पुष्कळ आणि चांगले लिहिले गेले आहे. युद्धाविषयी माणसांनी केलेल्या विचाराचा इतिहास मात्र त्या मानाने मागे राहिला. हा विषय रुक्ष असणार असा समज त्यामागे असावा. तसे वाटत असेल, तर वाचकांनी दोन महायुद्धांमधल्या वीस वर्षांपासून सुरुवात करून पाहावी. या काळातले वाद पुस्तकांपुरते राहिले नाहीत. ते समुद्रावर, वर्तमानपत्रांत आणि लष्करी न्यायालयात लढले गेले, आणि त्यांत माणसांच्या नोकऱ्या, मैत्री व अब्रू पणाला लागल्या.

वादाचे मूळ समजायला सोपे आहे. राइट बंधूंचे विमान १९०३ मध्ये उडाले आणि पंधरा वर्षांच्या आत ते महायुद्धात लढत होते. ते लढते याबद्दल शंका उरली नव्हती, पण ते कोणाचे, हे ठरत नव्हते. पायदळासाठी टेहळणी करणारे ते एक साधन, की स्वतःचे सेनापती आणि स्वतःची उद्दिष्टे असलेले तिसरे दल? ब्रिटनने १ एप्रिल १९१८ रोजी रॉयल एअर फोर्स हे स्वतंत्र दल उभारून आपले उत्तर दिले. इटलीत ज्युलिओ दुहे यांनी हवाई प्रभुत्वावरचा आपला ग्रंथ १९२१ मध्ये प्रसिद्ध केला. अमेरिकेत हा प्रश्न ज्यांनी चव्हाट्यावर आणला, ते विल्यम ऊर्फ बिली मिचेल या प्रस्तावनेचे नायक आहेत. दुहे अधिक शिस्तबद्ध विचारवंत होते, रॉयल एअर फोर्स घडवणारे ट्रेंचर्ड अधिक यशस्वी संघटक होते. तरीही नव्या वाचकाने मिचेल यांच्याच दारातून आत यावे असे मला वाटते, कारण या विषयाचे तेज आणि त्यातले धोके दोन्ही त्यांच्या एका आयुष्यात दिसतात.

त्यांचा जन्म १८७९ चा, फ्रान्समधल्या नीस शहरातला. घर मात्र विस्कॉन्सिनमधल्या मिलवॉकीचे आणि सधन. आजोबा बँका आणि रेल्वे चालवणारे, वडील अमेरिकेच्या सिनेटचे सदस्य. स्पेनशी १८९८ मध्ये युद्ध सुरू झाले तेव्हा अठरा वर्षांचा हा मुलगा साधा शिपाई म्हणून भरती झाला. पुढे त्यांनी फिलिपिन्समध्ये नोकरी केली, अलास्काच्या बर्फात तारायंत्राच्या तारा टाकल्या. विमान चालवायला ते शिकले १९१६ मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, सुट्टीच्या वेळात आणि पदरच्या पैशाने. दोनच वर्षांनी, सप्टेंबर १९१८ मध्ये, फ्रान्समधल्या सँ-मिएलच्या लढाईत दोस्त राष्ट्रांची १,४८१ विमाने त्यांच्या योजनेखाली लढली. इतकी विमाने एका हाताखाली त्याआधी कधी एकत्र आली नव्हती. युद्ध संपल्यावर त्यांनी जे काही मांडले, त्याच्या मुळाशी हा अनुभव आहे.

यानंतरचा प्रसंग जरा सावकाश वाचावा. हरलेल्या जर्मनीकडून अमेरिकेला काही नौका मिळाल्या होत्या. ‘ओस्टफ्रीसलांट’ ही त्यांतली मोठी युद्धनौका, जटलंडच्या १९१६ च्या लढाईत उतरलेली, बावीस हजारांहून अधिक टनांची. विमाने युद्धनौका बुडवू शकतात, असे मिचेल उघडपणे सांगत होते. एका युद्धनौकेच्या खर्चात हजारेक विमाने येतील, हा त्यांचा आवडता हिशेब होता. नौदलाला हे पटणारे नव्हते, पण चाचणी टाळणेही अवघड झाले. जुलै १९२१ मध्ये व्हर्जिनियाच्या किनाऱ्यापासून दूर, खुल्या समुद्रात ती नौका नांगरली गेली. पहिल्या दिवशी हलके बॉम्ब पडले आणि नौका तरंगत राहिली. दुसऱ्या दिवशी, २१ जुलैला, मिचेल यांच्या विमानांनी दोन हजार पौंडांचे बॉम्ब आणले. ते नौकेच्या माथ्यावरच पडायला हवेत असे नव्हते. कडेला, पाण्यात फुटलेल्या बॉम्बचा दाब पाण्यातून पोलादी कवचावर आदळतो आणि पाण्याखालचा सांगाडा उसवतो. या जड बॉम्बचा मारा सुरू झाल्यापासून वीस-बावीस मिनिटांत ‘ओस्टफ्रीसलांट’ तळाला गेली.

छायाचित्रे पाहणाऱ्याला येथे निकाल लागल्यासारखा वाटतो. तुम्ही मात्र नौदलाची बाजूही ऐकून घ्या. नौका नांगरलेली होती. तिच्यावर माणूस नव्हता, तोफा गप्प होत्या, आत शिरलेले पाणी उपसायला किंवा भगदाड बुजवायला कोणी नव्हते. हल्ल्यांच्या मध्ये थांबून नौकेची पाहणी व्हावी असा नियम होता, आणि मिचेल यांच्या तुकडीने त्या टप्प्यावर तो पाळला नाही. लष्कर आणि नौदल यांच्या संयुक्त मंडळाने युद्धनौका हाच आरमाराचा कणा असल्याचा निष्कर्ष काढला. मिचेल यांचा उलट अहवाल वर्तमानपत्रांपर्यंत पोहोचला. एकच चाचणी आणि दोन प्रामाणिक निष्कर्ष! पुरावा समोर असतानाही तो कशाचा पुरावा आहे यावर जाणती माणसे कशी भांडतात, हे शिकण्यासाठी याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

पुढची चार वर्षे मिचेल बोलत राहिले, लिहीत राहिले आणि वरिष्ठांना दुखावत राहिले. मार्च १९२५ मध्ये लष्कराच्या हवाई सेवेचे सहायक प्रमुख म्हणून त्यांची मुदत वाढवली गेली नाही. ब्रिगेडियर जनरलचे ते पुन्हा कर्नल झाले आणि त्यांची बदली टेक्ससमध्ये सॅन अँटोनिओला झाली. त्याच वर्षी ३ सप्टेंबरला नौदलाचे ‘शेनँडोआ’ हे हवाई जहाज ओहायोवर वादळात तुटून चौदा माणसे दगावली. मिचेल यांनी ५ सप्टेंबरला पत्रकारांना लांबलचक निवेदन दिले. युद्धखाते आणि नौदलखाते यांची अकार्यक्षमता, गुन्हेगारी हलगर्जी आणि जवळजवळ देशद्रोही म्हणावा असा कारभार अशा अपघातांना जबाबदार आहे, असा त्यातला आरोप होता. गणवेशातल्या अधिकाऱ्याने असे बोलल्यावर काय होणार हे त्यांना ठाऊक होते.

वॉशिंग्टनमध्ये २८ ऑक्टोबरला कोर्टमार्शल सुरू झाले आणि सात आठवडे चालले. न्यायासनावर मिलवॉकीपासूनचे परिचित डग्लस मॅकआर्थर बसले होते. आरोपीच्या बाजूने हॅप आर्नल्ड आणि कार्ल स्पाट्झ यांनी साक्ष दिली. ती देताना त्यांनी स्वतःची बढती धोक्यात घातली होती. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेचे हवाई सैन्य चालवले ते याच आर्नल्ड यांनी, आणि स्वतंत्र हवाई दलाचे पहिले प्रमुख झाले ते स्पाट्झ. न्यायालयापुढचा मूळ प्रश्न मात्र मिचेल खरे बोलले की खोटे हा नव्हता. शिस्तीला बाधा येईल असे ते वागले का, एवढाच तो होता. त्या प्रश्नाचे उत्तर १७ डिसेंबरला ‘होय’ असे आले आणि पाच वर्षांचे निलंबन मिळाले. माझ्या मते कायद्याच्या चौकटीत तो निकाल बरोबर होता. मिचेल यांच्याविषयी आदर असूनही हे म्हणता येते, आणि म्हणायला हवे. ते १ फेब्रुवारी १९२६ रोजी लष्करातून बाहेर पडले.

मिचेल द्रष्टे होते का, हा प्रश्न तुम्हाला ठिकठिकाणी भेटेल. पॅसिफिकचा दौरा करून त्यांनी १९२४ मध्ये लिहिलेल्या अहवालात जपान हवाई बेटांवर आणि फिलिपिन्सवर सकाळच्या वेळी विमानांनी हल्ला करील असे भाकीत आहे. त्यामुळे १९४१ नंतर त्यांना भविष्यवेत्त्याचे वलय लाभले. हे वलय थोडे बाजूला सारून वाचावे. विमानवाहू नौकांना त्यांनी फारसे मोल दिले नव्हते. हल्ला जवळच्या बेटावर तळ करून होईल असे त्यांनी मानले होते. ७ डिसेंबर १९४१ रोजी पर्ल हार्बरवर आलेली विमाने मात्र विमानवाहू नौकांवरूनच उडाली होती. आणि लगेच तीन दिवसांनी, १० डिसेंबरला, मलायाजवळच्या समुद्रात ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ आणि ‘रिपल्स’ या दोन ब्रिटिश नौकांना जमिनीवरच्या तळांवरून आलेल्या जपानी विमानांनी बुडवले. त्या नौका वेगात होत्या आणि त्यांच्या तोफा चालू होत्या. मिचेल कुठे चुकले आणि कुठे बरोबर ठरले, हे एकाच आठवड्याने दाखवून दिले.

एक बाजू मात्र अशी आहे की तिच्यापाशी थांबल्याशिवाय पुढे जाऊ नये. शत्रूचे कारखाने, वाहतूक आणि शहरे यांवर आकाशातून घाव घातला की युद्ध लवकर संपेल, म्हणून ते अधिक दयाळू होईल, अशी त्या पिढीची श्रद्धा होती. दुहे यांनी ती अगदी उघडपणे मांडली आणि मिचेलही त्याच दिशेने गेले. लंडन, हँबर्ग, टोकियो यांनी त्या श्रद्धेची किंमत मोजली. भारतीय वाचकाला तर त्याआधीचाही दाखला आठवायला हवा. मिचेल यांचा खटला उभा राहिला त्याच १९२५ साली, वसंतात, रॉयल एअर फोर्सने वायव्य सरहद्दीवरच्या वझिरिस्तानात केवळ विमानांच्या बळावर मोहीम चालवली. लष्करापासून स्वतंत्र हवाई सत्ता ही कल्पना या उपखंडाने आधी पहाडी वस्त्यांवरच्या बॉम्बच्या रूपात पाहिली. भारतीय हवाई दलाची स्थापना त्यानंतर, ८ ऑक्टोबर १९३२ रोजी झाली. स्वतः मिचेल भारतात येऊन गेले होते. त्या दौऱ्यातल्या वाघाच्या शिकारीवरचा त्यांचा लेख १९२४ मध्ये ‘नॅशनल जिओग्राफिक’मध्ये छापून आला.

मिचेल १९३६ मध्ये वारले. त्यांचे नाव मिळालेल्या बी-२५ मिचेल जातीच्या सोळा विमानांनी एप्रिल १९४२ मध्ये ‘हॉर्नेट’ या विमानवाहू नौकेवरून उडून जपानवर हल्ला केला. अमेरिकेचे स्वतंत्र हवाई दल १९४७ मध्ये झाले. जुना निकाल रद्द करावा अशी त्यांच्या मुलाची विनंती पुढच्या दशकात त्याच दलाच्या मंत्र्यांनी नाकारली.

आता वाचनाच्या क्रमाविषयी. मिचेल यांचे ‘विंग्ड डिफेन्स’ हे १९२५ चे पुस्तक आधी घ्या. ते घाईने लिहिलेले आहे, त्यात पुनरुक्ती आहे, पण माणूस समोर बसून बोलतो आहे असे वाटते. मग १९२१ च्या चाचणीचे दोन्ही बाजूंचे अहवाल शेजारी ठेवून वाचा. खटल्याकडे त्यानंतर वळा. गॅरी कूपर यांचा १९५५ चा चित्रपट त्याआधी पाहू नये, कारण त्यातला सौम्य, मितभाषी मिचेल एकदा मनात बसला की खरा, उतावळा आणि गर्जणारा मिचेल दिसेनासा होतो. दुहे शेवटी वाचावेत. त्यांचे तर्क इतके सफाईदार आहेत की नवखा वाचक त्यांच्या आहारी जाऊ शकतो. मिचेल वाचून आलेला वाचक त्यांना प्रश्न विचारतो.