भविष्यज्ञानाचे ओझे

भूतकाळात जाऊन पडलेल्या माणसाची कथा इंग्रजी वाङ्मयात प्रथम गाजली ती चातुर्याची कथा म्हणून. मार्क ट्वेनच्या १८८९ मधील कादंबरीचा नायक इ. स. ५२८ मध्ये, आर्थर राजाच्या काळात जाऊन पोचतो. तेव्हाचे एक सूर्यग्रहण त्याला ठाऊक असते आणि तेवढ्या ज्ञानावर तो आपला जीव वाचवून राज्याचा कर्ता होऊन बसतो. भविष्य जाणणे हे येथे शस्त्र आहे. उरावरचे दडपण नव्हे.

हे दडपण स्पष्टपणे जाणवते ते बाल्डरस्टनच्या ‘बर्कली स्क्वेअर’ (१९२६) या नाटकात. १७८४ च्या लंडनमध्ये आलेला नायक एका डचेसची स्तुती करता करता नकळत भूतकाळी क्रियापदे वापरतो, आणि ती बाई शहारते. समोरचा गृहस्थ आपल्याला जिवंतपणीच मृत्युलेख वाचून दाखवीत आहे, असे तिला वाटते. व्याकरणातील एका चुकीतून एवढे नाट्य निघालेले मी क्वचितच पाहिले आहे.

तथापि या प्रकारातील सर्वांत हृद्य कृती, माझ्या मते, ॲलिसन अटलीची ‘अ ट्रॅव्हलर इन टाइम’ (१९३९) हीच होय. मुलांसाठीचे पुस्तक म्हणून समीक्षकांनी ती बाजूला ठेवावी, हा अन्याय आहे. डर्बीशरमधील डेथिक येथील बॅबिंग्टन घराण्याचे घर अटलीच्या जन्मगावापासून हाकेच्या अंतरावर. कादंबरीत त्याचे नाव थॅकर्स झाले आहे. पेनेलपी ही शाळकरी मुलगी तेथील एका दारातून सोळाव्या शतकात शिरते, तेव्हा अँटनी बॅबिंग्टन बंदिवान मेरी राणीला सोडविण्याच्या खटपटीत असतो. १५८६ मध्ये अँटनीला देहान्त शासन झाले, ८ फेब्रुवारी १५८७ रोजी मेरीचा शिरच्छेद झाला. हे इतिहासाच्या पुस्तकातले ज्ञान घेऊन ती त्या स्वयंपाकघरात वावरते. तेथे औषधी वनस्पतींचा वास आहे, चुलीची ऊब आहे, अँटनीचा धाकटा भाऊ फ्रान्सिस याचा स्नेह आहे. ज्यांचा अंत तिला पाठ आहे, ती माणसे तिला आप्त वाटू लागतात. सहदेवाला सारे ठाऊक असूनही विचारल्याविना सांगता येत नसे, असे आपल्याकडील लोककथा म्हणते. पेनेलपीची अवस्था याहून बिकट आहे. ती बोलू शकते. पण बोलून काही फळ नाही. तिचे ज्ञान खरे आहे याचा अर्थच हा, की तिची धडपड व्यर्थ आहे.

ऐतिहासिक कादंबरीच्या वाचकाचीही हीच स्थिती नव्हे काय? ‘स्वामी’ (१९६२) हाती घेणाऱ्या मराठी वाचकाला १७७२ साल ठाऊकच असते. परंतु तेथे हे ओझे वाचक एकटा वाहतो. पात्रे त्यापासून मुक्त असतात. अटलीने ते पात्राच्या खांद्यावर दिले.

ऑक्टेव्हिया बटलरच्या ‘किंड्रेड’ (१९७९) मध्ये हे ज्ञान हतबलतेपाशी थांबत नाही. अपराधात सामील करून घेते. गुलामगिरीच्या काळातील मेरीलँडमध्ये खेचली गेलेली डेना ही कृष्णवर्णीय स्त्री रूफस या गोऱ्या मालकपुत्राचा जीव पुनःपुन्हा वाचवते. कारण त्याच्यापासून तिची पूर्वज जन्माला यायची आहे. त्यासाठी ॲलिस नावाच्या दुसऱ्या स्त्रीने काय सोसायचे, हेही तिला कळत असते. येथे दयेला जागा फार थोडी उरते.

काही वर्षांपूर्वी मी अटलीची काही प्रकरणे मराठीत आणावयास बसलो, तेव्हा मेरीच्या अंताचा विषय आला की लेखणी अडे. ‘मारली गेली’ म्हणावे की ‘मारली जाईल’? पेनेलपीच्या दृष्टीने ती गोष्ट साडेतीनशे वर्षांपूर्वी घडून गेलेली. ऐकणाऱ्याच्या दृष्टीने अद्याप टाळता येण्याजोगी. पहिल्या खर्ड्यात मी सर्वत्र भविष्यकाळ योजिला. वाक्ये सफाईदार झाली आणि मुलगी ज्योतिषी वाटू लागली. दुसऱ्या खर्ड्यात तिच्या तोंडी भूतकाळच ठेवला. वाचणाऱ्या एका स्नेह्याने तेथे चूक झाली आहे असे समजून तांबड्या शाईने खूण केली. ती खूण पाहून मला समाधान वाटले.