दम्याच्या रजिस्टरात सापडलेलं बंदर

पेटची तयारी करणारे विद्यार्थी मला हमखास एक प्रश्न विचारतात : विषय तर सुचलाय, पण साधनं कुठून आणायची? सरकारी दप्तर, पुराभिलेखागार, जुनी वर्तमानपत्रं ही नावं सगळ्यांना पाठ असतात. आज मी जरा वेगळ्या साधनाबद्दल सांगणार आहे. ते म्हणजे रुग्णालयाच्या इमर्जन्सी विभागातलं रजिस्टर.

आधी घरातली गोष्ट सांगतो. माझे वडील बाजार समितीत मापाडी होते. सोयाबीनची आवक सुरू झाली की दरवर्षी त्यांचा खोकला वाढायचा. आम्ही म्हणायचो, हवा बदलली. एका वर्षी दिवाळीच्या आधी मध्यरात्री त्यांना धड बोलताही येईना. दोन शब्द झाले की धाप लागायची, छातीतून शिट्टीसारखा आवाज यायचा. दम्यासाठी त्यांना दवाखान्यात न्यायची ती पहिलीच वेळ. केसपेपर काढताना नाव, वय, गाव विचारलं. काम काय करता, हे कुणी विचारलं नाही. आजाराच्या रकान्यात ‘दमा’ लिहिलं, ऑक्सिजन आणि नेब्युलायझर लावला. पहाटेपर्यंत बाबा सावरले. उपचारांबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पण संशोधनात पडल्यावर तो केसपेपर पुन्हा हातात आला आणि वाटलं, यावरून उद्या कुणाला काय कळणार?

आता स्पेनमधल्या बार्सिलोनाला जाऊ. १९८० च्या दशकात तिथल्या रुग्णालयांत एक विचित्र प्रकार घडत होता. एरवी दम्याचे मोजकेच रुग्ण यायचे. पण मधूनच एखाद्या दिवशी काही तासांत रुग्णांची रीघ लागायची. काहींना व्हेंटिलेटरवर ठेवावं लागलं, काही दगावले. दुसऱ्या दिवशी सगळं पुन्हा शांत. १९८१ पासून असे २६ उद्रेक नोंदले गेले.

इथे एक गोष्ट नीट बघा. खाटेशेजारी उभ्या असलेल्या डॉक्टरला एकच रुग्ण दिसतो आणि त्याचा श्वास परत आणणं हेच त्याचं काम असतं. ‘आज इतके जण एकदम का आले?’ हा प्रश्न एका केसपेपरातून उभाच राहत नाही. तो उभा राहतो वेगवेगळ्या रुग्णालयांची रजिस्टरं शेजारी शेजारी ठेवून तारीख, वेळ आणि पत्ता जुळवल्यावर. जोसेप मारिया आन्तो, जोर्दी सुन्येर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकं हेच केलं.

रुग्ण कुठले, हे पाहिल्यावर ते बंदराच्या आसपास जास्त असल्याचं दिसलं. कारण शहरभर पसरलेलं असतं, तर रुग्णही शहरभर विखुरलेले दिसले असते. मग त्यांनी दुसरं दप्तर उघडलं, ते बंदराचं. कोणत्या दिवशी जहाजातून कोणता माल उतरला? एकूण २६ प्रकारचे माल त्यांनी तपासाला घेतले. १९८५ आणि १९८६ या दोन वर्षांत दम्याच्या उद्रेकाचे दिवस १३ होते. या तेराही दिवशी बंदरात सोयाबीन उतरत होतं.

परीक्षेच्या दृष्टीने इथे तीन मुद्दे आहेत.

पहिला, रिस्क रेशो. सोयाबीन नसलेल्या दिवशी एकही उद्रेक नाही, म्हणजे भागाकारात खाली शून्य येतं आणि गुणोत्तर अनंत होतं. म्हणून त्यांनी ९५ टक्के विश्वासमर्यादेची फक्त खालची बाजू दिली : ७.२. म्हणजे अगदी सावधपणे बोलायचं तरी धोका निदान सातपट.

दुसरा, कन्फाउंडिंग. गव्हाचाही उद्रेकाशी संबंध दिसत होता. पण सोयाबीनचा परिणाम हिशेबात धरल्यावर गव्हाचा संबंध सांख्यिकीय कसोटीवर टिकला नाही. दोन गोष्टी एकत्र दिसल्या की लगेच कारण ठरवू नका, हे आपण पाठ करतो. ते प्रत्यक्षात कसं करायचं, ते इथे दिसतं.

तिसरा मुद्दा मला सगळ्यात आवडतो. सोयाबीन उतरलं त्या प्रत्येक दिवशी काही उद्रेक झाला नाही. मग सिद्धान्त खोटा का? नाही. उद्रेकाच्या सगळ्या दिवशी हवेचा दाब जास्त होता आणि बंदराकडून शहराकडे मंद वारा वाहत होता. सोयाबीन हवंच, पण सोबत तशी हवाही हवी. ‘आवश्यक’ आणि ‘पुरेसं’ यांतला फरक यापेक्षा सोपा करून सांगता येणार नाही.

तरीही हा सगळा कागदावरचा पुरावा झाला. मग शहरात बसवलेल्या हवेच्या नमुना यंत्रांत सोयाबीनसारखेच स्टार्चचे आणि टरफलाच्या पेशींचे कण सापडले. बंदरातल्या एका सायलोच्या माथ्यावर धूळ अडवणारे फिल्टरच नव्हते, हेही कळलं. हा अभ्यास १९८९ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आला. त्याच वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासात उद्रेकाच्या दिवशी आलेल्या आणि इतर दिवशी आलेल्या दम्याच्या रुग्णांचं रक्त तपासलं गेलं. पहिल्या गटातल्या साधारण तीन चतुर्थांश रुग्णांच्या रक्तात सोयाबीनविरोधी आयजीई प्रतिपिंडं होती, दुसऱ्या गटात विसातल्या जेमतेम एकाच्या. सायलोवर फिल्टर बसवले आणि उद्रेक थांबले. शेवटचा पुरावा हाच.

याला एक जुना धागाही आहे. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्समध्ये १९५० आणि ६० च्या दशकांत दम्याचे असेच मोठे उद्रेक झाले होते. बार्सिलोनाचं उत्तर हाती आल्यावर संशोधकांनी तिथल्या जुन्या नोंदी पुन्हा काढल्या आणि बंदरातल्या सोयाबीनच्या जहाजांशी ताडून पाहिल्या. १९९७ साली तो संबंध छापून आला. नोंदी त्याच होत्या, पण त्यांना विचारायचा प्रश्न नवा होता.

मात्र रजिस्टरवर आंधळा विश्वास ठेवू नका. जो घरीच गेला, ज्याने गल्लीतल्या डॉक्टरकडे इंजेक्शन घेऊन वेळ निभावली, तो त्यात नाही. जो रकाना छापलेलाच नाही, त्याचं उत्तर पन्नास वर्षांनीही मिळत नाही. शिवाय रुग्णालयाच्या नोंदी हव्या असतील तर नैतिकता समितीची परवानगी आधी घ्या आणि रुग्णांची नावं आपल्या वहीत उतरवू नका.

बाबांचा दमा सोयाबीनच्या धुळीचाच होता, असं मी म्हणणार नाही. माझ्याकडे पुरावा नाही. एका माणसाच्या केसपेपरावरून तो मिळणारही नाही. पण त्या हंगामात, त्या आठवड्यात बाजार समितीतले आणखी किती हमाल-मापाडी पहिल्यांदा दवाखान्यात गेले? एका बाजूला दवाखान्याचं रजिस्टर आणि दुसऱ्या बाजूला आवकेची वही ठेवली, तर निदान प्रश्न तरी मांडता येईल. आवकेची तारीखवार नोंद बाजार समिती ठेवतेच.

तुमचा विषय आरोग्याचा नसला तरी एक करून बघा. वेगवेगळ्या हेतूंनी लिहिलेली दोन दप्तरं निवडा, ज्यांत फक्त तारीख समान आहे. ती शेजारी मांडा आणि काय दिसतं ते प्रस्तावात एका परिच्छेदात लिहा. गाईडसमोर जाताना तो परिच्छेद सोबत न्या.