वाड्यातली बिऱ्हाडं, सिडकोतल्या खोल्या

नाशिकचे वाडे गोदावरीच्या पुरांनी पाडले, असं सर्रास सांगतात. १९६९ आणि २००८ चे पूर मोठेच होते. पण जिथं नदीचं पाणी कधी पोचलं नाही, ते वाडेही पडलेच. माझ्या मते ते भाड्यापायी पडले.

१९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्यानं सप्टेंबर १९४० मधलं भाडं प्रमाण धरलं आणि तिथंच गोठवलं. जुन्या नाशकात आम्ही अशाच एका वाड्यात बिऱ्हाडकरू होतो. वडील दोन खोल्यांचं जे भाडं देत, त्यात आमच्या वरची कौलंसुद्धा शाकारून होत नसत. तुळयांना वाळवी लागली, भिंतीला पोक आलं. वडील तक्रार घेऊन गेले की मालकीणबाई म्हणत, "अरे, तुझ्या भाड्यात गवंडी माझ्या उंबऱ्यावरही चढत नाही." त्यात खोटं काही नव्हतं. पुढे, १ फेब्रुवारी १९७३ ला जे परवान्यानं राहत होते त्यांनाही कायद्यानं भाडेकरू ठरवलं. मग मालकांनी नवी बिऱ्हाडं घेणंच सोडलं. कुलूप परवडलं, भाडेकरू नको.

तोवर सातपूरला कारखाने आले होते, पाठोपाठ अंबडला. सरकारी छापखान्यातले प्रेसवाले नाशिकरोड-जेलरोडला राहत, साहेबलोक कॉलेजरोड-गंगापूररोडला. कामगारानं कुठं राहायचं? त्याच्यासाठी सिडकोनं नवीन नाशिक वसवलं, एकेक करून सहा योजनांत. वडिलांनी घर निवडताना एवढंच पाहिलं, की पहिल्या पाळीला सायकलवर वेळेत पोचता येतं का. १९८२ मध्ये महानगरपालिका झाली आणि सातपूर, नाशिकरोड सगळं एका शहरात आलं.

सिडकोची घरं लहान, एकमेकांना चिकटलेली. सगळ्यांनी केलं तेच आम्हीही केलं: बाहेरून जिना काढला, वर दोन खोल्या चढवल्या आणि भाड्यानं दिल्या. कालचे बिऱ्हाडकरू मालक झाले! आता त्या खोल्या मी सांभाळते. भिंत सामाईक असल्यामुळे शेजारच्या मोरीची ओल आमच्या कपाटामागे उमटते. दुरुस्ती शेजाऱ्याच्या घरात आणि भाडेकरूचा फोन मला. स्लॅबवर कोबा करून घेतला, तरी गच्चीचं पाणी उतरायचं ठिकाण दर मे महिन्यात स्वतः पाहते. गळती पहिल्या पावसात दिसली की गवंडी मिळत नाही.

३१ मार्च २००० पासून नवा कायदा लागू आहे. भाडेकरूचं भाडं वर्षाला ४ टक्के वाढवता येतं. दुरुस्ती मालकाची, नोटीस देऊनही त्यानं केली नाही तर भाडेकरू ती करून घेऊन भाड्यातून खर्च वळता करू शकतो, वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत. वाड्याच्या मालकीणबाईंना त्यातली वाढ तरी मिळायला हवी होती.

आमच्या गल्लीत अजून तोंडी बोलीवर खोल्या दिल्या जातात. त्या देणाऱ्यांना सांगणं इतकंच: करार लिहून नोंदवायची जबाबदारी मालकाची आहे, आणि लेखी करार नसेल तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल त्याच अटी खऱ्या धरल्या जातात.