एसएसडी दिसत नाही म्हणजे ती गेली असं नाही. लॅपटॉपसाठी रिकव्हरी पेनड्राइव्ह असा तयार करा

लॅपटॉप एके दिवशी सुरूच होत नाही. कुणाकडून तरी विंडोजचा पेनड्राइव्ह आणून लावला जातो. इन्स्टॉलेशन सुरू होतं, पण डिस्क निवडायच्या पानावर यादी रिकामी. एकही ड्राइव्ह सापडला नाही, असा संदेश येतो. इथं बहुतेकजण धरून चालतात की एसएसडी जळाली. नवी एसएसडी घेतली जाते आणि जुनीसोबत मुलांच्या मार्कशीट, लग्नाचे फोटो, दुकानाचे हिशेब कपाटात जातात. प्रत्यक्षात बऱ्याचदा एसएसडी ठणठणीत असते. ती ओळखायचं साधन पेनड्राइव्हमध्ये नसतं, एवढंच.

असं का होतं?

इंटेलचे 11 व्या पिढीचे लॅपटॉप प्रोसेसर 2020 मध्ये आले. तेव्हापासून अनेक लॅपटॉपमध्ये व्हीएमडी, म्हणजे व्हॉल्यूम मॅनेजमेंट डिव्हाइस, कंपनीकडूनच चालू करून येतं. ते चालू असलं की एनव्हीएमई एसएसडी थेट विंडोजसमोर येत नाही, या कंट्रोलरच्या मागे राहते. तिच्यापर्यंत पोचायला इंटेलचा रॅपिड स्टोरेज ड्रायव्हर लागतो. लॅपटॉपमधल्या विंडोजमध्ये तो असतो. साध्या पेनड्राइव्हवरच्या विंडोजमध्ये अनेकदा नसतो. एएमडी प्रोसेसरच्या लॅपटॉपमध्ये व्हीएमडी नसल्यामुळे ही अडचण सहसा येत नाही.

आधी बायोसमध्ये बघा

लॅपटॉप चालू करताना एफ2 दाबून (एचपीमध्ये एफ10) बायोसमध्ये जा. तिथं एसएसडीचं नाव किंवा क्षमता दिसत असेल, तर दोष बहुधा ड्रायव्हरचा आहे. बायोसमध्येही काहीच दिसत नसेल, तर एसएसडी सैल झालेली किंवा खराब झालेली असू शकते. अशा वेळी पेनड्राइव्हचा उपयोग नाही, लॅपटॉप उघडूनच बघावा लागतो.

काय काय लागेल?

- किमान 8 जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह. त्यावरचं सगळं पुसलं जातं, म्हणून कामाच्या फाइल आधी काढून घ्या.
- चालू असलेला कुठलाही विंडोज कॉम्प्युटर आणि इंटरनेट.
- लॅपटॉपचा नेमका मॉडेल नंबर. तो बहुतेकदा मागच्या बाजूच्या स्टिकरवर असतो.

पेनड्राइव्ह तयार करणे

1. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून विंडोज 11 चं मीडिया क्रिएशन टूल घ्या. ते चालवून 'यूएसबी फ्लॅश ड्राइव्ह' हा पर्याय निवडा.

2. लॅपटॉप कंपनीच्या सपोर्ट पानावर मॉडेल नंबर टाका. स्टोरेज विभागात इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर असतो. 'एफ6' असं लिहिलेली झिप फाइल मिळाली तर तीच घ्या. दुसऱ्या पिढीच्या प्रोसेसरचा ड्रायव्हर चालेलच असं नाही, म्हणून आपल्याच मॉडेलचा घ्यावा.

3. झिप उलगडा. आत आयएनएफ, एसवायएस आणि कॅट प्रकारच्या फाइल दिसल्या पाहिजेत. नुसती सेटअपची ईएक्सई फाइल ठेवून भागत नाही. बहुतेकांची चूक इथंच होते.

4. हा उलगडलेला फोल्डर पेनड्राइव्हवर कॉपी करा. नाव साधं ठेवा, उदाहरणार्थ 'व्हीएमडी'.

अडचण येण्याआधीच तपासा

पेनड्राइव्ह लावून लॅपटॉप चालू करा आणि बूट मेनू उघडा. डेल आणि लेनोव्होमध्ये सहसा एफ12, एचपीमध्ये एफ9, असूसमध्ये एस्केप ही की असते. पेनड्राइव्ह निवडून डिस्कच्या यादीपर्यंत या. यादी रिकामी असेल तर 'लोड ड्रायव्हर' दाबून तो फोल्डर दाखवा. एसएसडी यादीत आली की पेनड्राइव्ह कामाचा आहे. 512 जीबीची एसएसडी तिथं साधारण 476 जीबी दिसते. ती मोजायची पद्धत वेगळी आहे, जागा कुठं गेलेली नसते.

इथंच थांबा. 'डिलीट', 'फॉरमॅट' किंवा 'नेक्स्ट' दाबू नका. खिडकी बंद करा, पेनड्राइव्ह काढा आणि लॅपटॉप नेहमीसारखा चालू करा.

विंडोज बंद पडलं तर फाइल कशा काढायच्या?

पुन्हा विंडोज टाकण्याची घाई करू नका. वरच्याप्रमाणेच ड्रायव्हर लोड करून एसएसडी यादीत आणा. मग शिफ्ट आणि एफ10 एकत्र दाबा. काही लॅपटॉपमध्ये सोबत एफएन की दाबावी लागते. काळी खिडकी उघडली की 'नोटपॅड' असं इंग्रजीत टाइप करा. नोटपॅडमध्ये फाइल, मग ओपन, आणि खाली 'ऑल फाइल्स' निवडा. इथून आपले फोल्डर कॉपी करून बाहेरच्या हार्डडिस्कवर पेस्ट करता येतात. ड्राइव्हची अक्षरं इथं बदललेली असू शकतात, सी हाच सी असेल असं धरू नका.

बिटलॉकरची की आजच लिहून ठेवा

विंडोज 11 च्या अनेक लॅपटॉपमध्ये मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की एसएसडी आपोआप एन्क्रिप्ट होते. मग एसएसडी दिसली तरी आतल्या फाइल उघडत नाहीत. 48 अंकी रिकव्हरी की लागते. वरच्या काळ्या खिडकीत ती मॅनेज-बीडीई या कमांडने द्यावी लागते. की हरवली तर दुकानदार किंवा कंपनी कुणीच डेटा उघडून देऊ शकत नाही. ती सहसा मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये जतन असते. लॅपटॉप चालू असतानाच ती शोधून वहीत लिहून ठेवा, लॅपटॉपच्या बॅगेत नव्हे.

व्हीएमडी बंद केलं तर?

बायोसमध्ये व्हीएमडी बंद केलं की ड्रायव्हरशिवायही एसएसडी दिसू लागते, म्हणून हा उपाय सर्रास सांगितला जातो. पण आधीचं विंडोज व्हीएमडी चालू असताना टाकलेलं असेल, तर ते निळ्या स्क्रीनवर अडकू शकतं किंवा बिटलॉकरची की मागू शकतं. असं झालं तर घाबरून फॉरमॅट करू नका. बायोसमध्ये जाऊन सेटिंग पूर्ववत करा. डेटा जागेवरच असतो. एसएसडी रेडमध्ये जोडलेल्या असतील तर या सेटिंगला हातच लावू नका.

दुकानात देताना

दुरुस्तीला देण्याआधी दोनच प्रश्न विचारा: बायोसमध्ये एसएसडी दिसते का, आणि ड्रायव्हर लोड करून पाहिला का? या दोन्हींची उत्तरं मिळेपर्यंत फॉरमॅटला किंवा नव्या एसएसडीला होकार देऊ नका.